तीन सेंटिमीटर कमी

६ फेब्रुवारी

कार्यकारिणीच्या सभेला अकरापैकी चौघे आले. एक अध्यक्ष, ते दातांचे डॉक्टर, त्यांचा साडेसहाचा पेशंट ठरलेला. दुसरे खजिनदार, ते झोपले. तिसऱ्या कोचबाई, त्या बोलत नाहीत. चौथी मी, सचिव. तेव्हा आज सभा झाली की मी एकटीच बडबडले, हे ठरवणं कठीण आहे.

नगरपालिकेचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तलावाचं काँक्रीट पुरं झालंय. फरशी, पंप आणि कपडे बदलायच्या खोल्या बाकी. अनुदानाची अट अशी की तीस जूनच्या आत जलतरण संघटनेनं तलाव मोजून 'स्पर्धेला योग्य' असा दाखला दिला पाहिजे. दाखला आला तर तलाव चालवायला आमच्या क्लबकडे. नाही आला तर उरलेलं अनुदान परत जाणार आणि नगरपालिका निविदा काढणार. ती कोणाला मिळेल हे शेंबडं पोरही सांगेल. हमरस्त्यावरचा रिसॉर्टवाला महिन्यात दोनदा येऊन काठावर उभा राहून गेलाय. त्याला तिथे घसरगुंड्या लावायच्या आहेत.

शाळेनं आपला जुना तलाव बुजवून गाड्या लावायला जागा केली, त्याला चौदा महिने झाले. आमची बासष्ट मुलं तेव्हापासून शाळेच्या जिन्यावर चढउतार करतात आणि बाकांवर पालथी पडून हात मारतात. ह्याला 'कोरडा सराव' म्हणतात. जेवणाऱ्यानं रिकाम्या ताटावर सराव करावा तसं. कोचबाईंना दुसऱ्या गावच्या क्लबनं बोलावणं धाडलंय आणि त्यांनी जूनअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय. हे मला त्यांच्या बहिणीकडून कळलं. त्या स्वतः कशाला बोलतील.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "एक झोपले होते ना? मग निदान एक तरी स्वस्थ बसलं."

यांनी आयुष्यभर वाचनालय सांभाळलं. तिथे बोलायला बंदी होती, ती साठवलेली वाक्यं आता माझ्यावर खर्च होतात.

११ फेब्रुवारी

बांधकामावर गेले. ठेकेदारानं फरशीचा नमुना आणला होता. निळी, चकचकीत आणि पातळ म्हणजे किती, तर पुठ्ठा बरा. ओली करून भिंतीला टेकवली, वर चप्पल घासली. सरकली. म्हटलं, "पोरं भिंतीला पाय मारून वळतात. पाय सटकला तर गुडघा कोण जोडून देणार, तुम्ही?"

ठेकेदार म्हणाला, "बाई, सगळीकडे हीच लावतात."

"सगळीकडे लाच पण घेतात. म्हणून आपण घ्यायची का?"

तो इंजिनिअरकडे बघायला लागला. नगरपालिकेचा हा इंजिनिअर चांगला उंचापुरा मुलगा, पण प्रत्येक गोष्टीवर 'बघू' म्हणतो. पंपाचं काय? बघू. मुलींच्या खोलीला कडी? बघू. मी त्याचं नाव बघूसाहेब ठेवलंय. आजही तेच. मी दुकानातून खरबरीत टाइलचा तुकडा नेला होता, जाड, दणकट, पायाला धरून ठेवणारा. तो हातात घेऊन त्यानं उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाला, "बघू."

तेवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पन्नास मुलींवर सुपरवायझर होते मी. तिथे 'बघू' म्हणणारीला मी दुसऱ्या दिवशी रात्रपाळी दिली असती.

१३ फेब्रुवारी

सभा बोलवायची तर पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. तोवर ती घसरडी काच भिंतीवर चढून बसेल. म्हणून क्लबच्या कागदावर पत्र मीच लिहिलं: 'जाड, खरबरीत टाइलच बसवावी, ही क्लबची एकमुखी मागणी आहे.' 'एकमुखी' लिहिताना जरा मनानं खाल्लं. पण मुख एकच होतं, हे काही खोटं नाही.

अक्षर अजून सुंदर येतं. शाळेत सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या राहायच्या, त्याचा फायदा. शाळा सगळी इंग्रजी होती, प्रार्थना इंग्रजी, शिक्षा इंग्रजी. राग मात्र मला आईच्याच भाषेत येतो आणि चांगला येतो.

२ मार्च

टाइल बदलली. बघूसाहेबांनी शेरा मारला: 'क्लबच्या मागणीनुसार.' दोन आठवडे रोज सकाळी दहाला त्याच्या टेबलासमोर जाऊन बसले तेव्हा कुठे. शिपाई तर मला चहा विचारायला लागला होता. अध्यक्षांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "कुठली टाइल?"

१९ मार्च

आज फरशीवाल्या मिस्त्रीला जागेवर बसवावं लागलं. पन्नाशीचा माणूस आहे, कामाला स्वच्छ, पण शंका फार. मी काठावर छत्री घेऊन बसले होते, तर खालून वर चढून आला.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"बोला. काम करता करता बोला."

"नकाशात पातळ टाइल धरलीय. ही जाड, वर हिला खाली माल पण जास्त लागतो. दोन्हीकडच्या भिंती आत येणार."

"येऊ द्या की आत. बाहेर जाऊन तरी काय करणार आहेत?"

त्याची माणसं हसली. तो नाही हसला. म्हणाला, "मी सांगायचं काम केलं."

"आता लावायचं काम करा."

गेला खाली. असल्यांना वेळीच उत्तर दिलं नाही की डोक्यावर बसतात. घरी यांना सांगितलं तेव्हा हे पण हसले नाहीत. यांचं विनोदाचं अंग सोयीप्रमाणे झोपतं.

८ एप्रिल

पंप आला. चुकीचा.

२१ एप्रिल

पंप आला. बरोबर. पण जोडणारा आला नाही. उद्घाटनाची संगमरवरी पाटी मात्र तयार आहे. नगराध्यक्षांचं नाव एवढं मोठं की खाली तलावाचं नाव बारीक करावं लागलंय. लग्न ठरायच्या आधी बारसं.

३ मे

मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही ती नाहीच. बघूसाहेब म्हणाले, "नकाशात कडी दाखवलेली नाही." मी विचारलं, "नकाशात दार दाखवलंय ना? मग ते काय वारा घालायला?" शेवटी बाजारातून कडी मीच आणली आणि हे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसवायला आले. नकाशात नसलेली वस्तू लावली म्हणून आता यांना अटक होते की काय बघायचं.

२० मे

तलावात पाणी आलं. तीन दिवस भरत होतं.

मुलांना आत सोडायची परवानगी नाही. ती सगळी कुंपणाबाहेर ओळीनं उभी राहून जाळीला नाकं लावून बघत होती. कोचबाई त्यांच्या मागे. एका मुलीनं विचारलं, "बाई, हे आपलं का?" कोचबाई म्हणाल्या, "अजून नाही." एवढं एक वाक्य. पण ते बोलताना त्यांनी पाण्याकडे बघितलं नाही.

मी पाण्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. निळं, स्थिर. अठरा वर्षं या क्लबचे कागद लिहिले, अर्ज केले, लोकांच्या दारात उभी राहिले. खरबरीत टाइल पाण्याखालून कशी छान दिसते. माझी टाइल.

२ जून

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

संघटनेचे मोजणी अधिकारी सकाळी आठला आले. सडसडीत गृहस्थ, चहाला नको, पाण्याला नको. तिपाईवर यंत्र लावलं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पाडला. आठही मार्गिका मोजल्या, पाण्याच्या वर आणि पाण्याच्या खाली. मग पुन्हा मोजल्या. मग वहीत लिहिलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "चोवीस पूर्णांक सत्त्याण्णव."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे जवळजवळ पंचवीसच."

"पंचवीस मीटरच्या वर तीन सेंटिमीटर चालतात. खाली एक मिलिमीटर चालत नाही."

"तीनच सेंटिमीटर हो. पोरांना काय कळतंय."

"पोरांना नाही कळत," ते म्हणाले. "घड्याळाला कळतं. या तलावात झालेला विक्रम कुठेच धरता येणार नाही. तीसच्या आत दुरुस्त करा, मी परत येतो." आणि गेले.

रिसॉर्टवाला फाटकाशी त्याच्या गाडीत बसलेला होता. त्याला कोणी कळवलं? बघूसाहेब खाली बघत होते. ठेकेदार फोनवर. मी एकेकाला धुऊन काढलं. बघूसाहेबांना म्हटलं, पाच वर्षं शिकून तुम्हाला पंचवीस मोजता येत नाहीत का? ठेकेदाराला म्हटलं, सिमेंट खाल्लंत, वाळू खाल्लीत, आता लांबी पण खायला लागलात? बघूसाहेबांनी एकदा तोंड उघडलं होतं, पण मी त्यांना 'बघू' म्हणायची संधी दिली नाही.

कोचबाई मुलांना घरी पाठवायला निघून गेल्या.

३ जून

चार पानी तक्रार लिहून नगरपालिकेच्या आवक विभागात दिली, शिक्क्यासह पोच घेतली. ठेकेदार, त्याचा मिस्त्री आणि देखरेख न करणारा इंजिनिअर, तिघांची चौकशी व्हावी. विशेषतः मिस्त्रीची, कारण भिंतीवर हात त्याचा. चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून बंद ठेवावं, असंही लिहिलं.

हे वाचत होते. म्हणाले, "मिस्त्री तुला काहीतरी सांगायला आला होता ना मागे?"

"ते वेगळं."

"बरं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

६ जून

बघूसाहेबांनी बोलावलं. फाइल माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझं तेरा फेब्रुवारीचं पत्र. त्याच्या मागे बांधकामावरच्या नोंदवहीची प्रत. तिथे रोजचं काम लिहायची पद्धत आहे, कोणी आलं, काय सांगितलं, सगळं. एकोणीस मार्चला मिस्त्रीच्या वाकड्या अक्षरात: 'जाड टाइलमुळे लांबी कमी भरेल असे क्लबच्या बाईंना सांगितले. बाईंनी लावा म्हणून सांगितले. लावत आहे.'

"मग तुम्ही का थांबवलं नाहीत?" मी विचारलं.

"थांबवायला पाहिजे होतं. मी ती नोंद महिनाभरानं वाचली. माझीही चूक आहे, ती मी वर लिहून देणार आहे." मग म्हणाले, "बाई, तुमच्या समोर मला 'बघू' शिवाय काही बोलता येत नाही."

घरी आले. जेवण केलं नाही. नोंदवहीत कोणीही काहीही मागाहून लिहू शकतं.

७ जून

मागची पानं उघडली. ही वही तरी मागाहून कोणी लिहिलेली नाही.

एकोणीस मार्च. सगळं आहे. नकाशा, पातळ टाइल, जास्तीचा माल, दोन्ही भिंती आत येणार. त्यानं मला गणित सोडवून हातात दिलं होतं आणि मी त्यावर विनोद केला. आणि तो विनोद आवडला म्हणून इथे शब्द न शब्द लिहून ठेवला.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बासष्ट पोरांचं पाणी मी तीन सेंटिमीटरनं आटवलं.

यांना सांगितलं. वाटलं, आता तरी एखादं वाक्य टाकतील. उठले आणि चहा केला. साखर विसरले, तो तसाच प्यायले मी.

९ जून

उपाय आहे. बघूसाहेबांनीच सांगितला आणि तोही 'बघू' न म्हणता. दोन्ही टोकांच्या भिंतींवरची जाड टाइल काढायची आणि पातळ पण खरबरीत टाइल नुसत्या चिकटवणीवर बसवायची. मग लांबी पंचवीसच्या वर भरते. बाजूच्या भिंतींना हात लावायला नको. पण ठेकेदार म्हणतो, माझा मिस्त्री तुमच्या तक्रारीमुळे बंद आहे, दुसरा आणायचा तर महिना. आणि दुरुस्तीचा भार कोणी उचलायचा ते आधी ठरवा.

अध्यक्षांच्या दवाखान्यात गेले. ते एका बाईच्या जबड्यात वाकलेले होते. मला स्टुलावर बसवलं आणि तिथूनच बोलले. क्लबनं चूक कबूल केली तर नगरपालिका दुरुस्ती क्लबकडून वसूल करणार, आणि वर क्लब तलाव चालवायला लायक नाही असंही म्हणणार.

"मग?"

"पत्र सभेत ठरलेलं नव्हतं. म्हणजे ते क्लबचं पत्रच नाही. तुम्ही अधिकार नसताना, स्वतःच्या मनानं लिहिलंत, असं लेखी दिलंत तर क्लब वाचतो. मग नगरपालिका ते देखरेखीच्या चुकीत धरेल. इंजिनिअर तयार आहे."

"आणि मी?"

"अधिकार नसताना पत्र लिहिणारीला सचिव कसं ठेवणार, तुम्हीच सांगा." त्या बाईला म्हणाले, "चूळ भरा."

तोंडात कापूस असलेली ती बाईसुद्धा माझ्याकडे कीव करून बघत होती. अठरा वर्षं. माणसाची दाढ काढताना तो निदान सुई टोचतो. माझ्या वेळी तेवढंही नाही.

मेलं सगळं खरं होतं, हाच त्रास. सभा झाली नव्हती. एकमुखी मीच होते.

१० जून

मिस्त्रीला शोधायला सकाळ गेली. एका घरी स्वयंपाकघरात फरशी लावत होता. दारातच थांबले. त्यानं बघितलं आणि पुन्हा हातोडीच्या लाकडी दांड्यानं टाइल ठोकायला लागला. आवाज ऐकत होता, कुठे पोकळ लागते ते.

"मी आले होते," म्हटलं.

"दिसलं."

"तक्रार मागे घेतली सकाळी. पण एकदा शिक्का पडला की नुसतं तोंडी चालत नाही म्हणाले, म्हणून लेखी दिलं. तुम्हाला बंदी नाही आता."

"नव्हतीच मला. तलावावर होती. मला कामं आहेत."

घरमालकीण डोकावून गेली. मी उभी. बस म्हणायला तिथे जागाही नव्हती, सगळीकडे ओला माल.

म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही."

"ऐकलं तुम्ही. ऐकून हसलात." तो अजून खालीच बघत होता. "माझ्या माणसांसमोर हसलात. त्यातला एक माझा मेहुणा. तीन महिने घरी तेच चाललंय, भिंती बाहेर जाऊन काय करणार."

म्हटलं, "मेहुण्याला बोलवा, त्याच्यासमोर सांगते."

"त्याला नको. मी जिथे लिहिलंय तिथे लिहा. त्या वहीत. माझ्या नोंदीखाली. सगळे वाचतात ती."

"लिहिते."

"शुद्ध लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

मग उठला, गुडघ्याचा माल झटकला आणि पहिल्यांदा सरळ बघून म्हणाला, "आणि सगळा तलाव रिकामा करू नका. परत भरेपर्यंत तीस तारीख जाईल. मोजणारा कुठपर्यंत मोजतो?"

"पाण्याखाली ऐंशी सेंटिमीटर."

"मग पाण्याखाली सव्वा मीटरपर्यंतच काढू. खालची जाड राहू द्या. पायरीसारखी होईल, पण खोलवर."

कोचबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या खाली पायरी चालते. नियमात आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "दमलेल्या मुलांना पाय टेकायला बरी."

पाच वर्षं शिकलेला इंजिनिअर, अठरा वर्षांची सचिव, आणि तोड निघाली ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसलेल्या माणसाकडून.

११ जून

नोंदवहीत लिहिलं. चार वेळा मनात खोडलं, कागदावर एकदाच उतरवलं: 'मिस्त्रींनी वेळेवर व बरोबर सांगितले होते. मी ऐकले नाही व त्यांचा अपमान केला. जाड टाइलची मागणी माझी एकटीची होती, क्लबची नव्हे.' खाली सही. 'सचिव' लिहायला हात गेला, आवरला.

मिस्त्रीनं वाचलं. मेहुण्याला हाक मारून त्याला वाचायला लावलं, मोठ्यानं. तो 'अपमान' शब्दाशी अडखळला. मिस्त्री म्हणाला, "परत वाच."

राजीनामा अध्यक्षांच्या दवाखान्यात पोचवला. त्यांची नर्स म्हणाली, नंबर घ्या.

१४ जून

छिन्नीचा आवाज फाटकापर्यंत येतो. आत जायचं काही कारण आता मला नाही. दुकानात जाताना त्याच रस्त्यानं गेले. येतानाही. हे म्हणाले, "दुकान दुसऱ्या बाजूला आहे." म्हटलं, "चालणं चांगलं असतं."

काल निघालेल्या टाइल फाटकाशी ढिगानं पडल्या होत्या. खरबरीत, दणकट. एकही धड निघाली नव्हती, इतकी पक्की बसवली होती त्यानं. नको असलेलं कामही त्यानं नीट केलं होतं.

१९ जून

टाइल लागली म्हणे. चिकटवण वाळायला सात दिवस हवेत. रिसॉर्टवाला काल नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये तासभर होता, असं शिपायानं सांगितलं. तो अजून मला चहा विचारतो, हे एक बरं.

अध्यक्षांनी खजिनदारांना सचिव केलं. झोपणारा माणूस अधिकार नसताना पत्रं लिहीत नाही, हा मुद्दा बिनतोड आहे.

२७ जून

मोजणी आठला होती. आत कार्यकारिणी आणि अधिकारी. मी रस्त्याच्या पलीकडे, यांच्याबरोबर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर. औषधं काही घ्यायची नव्हती. दुकानदार दोनदा "काय हवं?" म्हणाला, तेव्हा यांनी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

पाऊण तास कोणी बाहेर येईना. मला वाटलं, गेलं. आता पातळ टाइलचाही दोष निघाला असेल. कोचबाई आजच सामान बांधतील. मी यांना म्हटलं, "उरलेलं सगळं आयुष्य मला हे पुरणार आहे." हे म्हणाले, "गोळी घे."

मग मिस्त्री बाहेर आला. रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे.

"पंचवीस पूर्णांक शून्य एक," म्हणाला. "आठही ठिकाणी. दाखला तिथेच बसून लिहिला त्यांनी."

मी त्याच्याशी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तोंडून निघालं, "मग एवढा वेळ काय करत होते?"

"तुमचे डॉक्टर भाषण करत होते."

आणि हसला. आम्ही तिघेही त्या पायरीवर उभे राहून हसलो. मला नंतर डोळे पुसावे लागले. यांनी ते दिसलं नाही असं दाखवलं.

५ जुलै

उद्घाटन. नगराध्यक्ष पस्तीस मिनिटं, अध्यक्ष वीस. ठेकेदाराला शाल, बघूसाहेबांना गुच्छ. मिस्त्रीला बोलावलंच नव्हतं. मी मागच्या रांगेत होते, पाहुण्यांच्या चपलांशेजारी. माझं नाव कोणी घेतलं नाही. मी लिहूनच दिलंय तसं, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. पण मिस्त्रीचं? तेवढ्यासाठी अध्यक्षांना नंतर गाठून चार शब्द ऐकवलेच. ते म्हणाले, "तुम्ही आता कार्यकारिणीत नाही." म्हटलं, "म्हणूनच मोकळेपणानं बोलतेय."

दुसरं भाषण संपायच्या आतच कोचबाईंनी शिट्टी वाजवली. न विचारता. बासष्ट मुलं एकदम पाण्यात. पहिल्या रांगेतले सगळे भिजले, नगराध्यक्षांसकट. कोचबाईंनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. एकोणीस महिने गप्प बसलेल्या बाईचं भाषण असंच असायचं.

९ जुलै

क्लबच्या खिडकीवर गेले. नवीन सचिव, म्हणजे जुने खजिनदार, जागे होते.

"एक फॉर्म द्या. साधा सभासद."

"कोणासाठी? नातवंडांसाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्मा वर केला. फॉर्म मीच चार वर्षांपूर्वी तयार केला होता, तरी ते एकेक रकाना वाचून विचारायला लागले. वय? अडुसष्ट. रक्तदाब? तुमच्यापेक्षा बरा. "पोहता येतं का?"

"नाही."

पेन थांबलं. "अठरा वर्षं सचिव होतात ना तुम्ही?"

"सचिवाला पाण्यात उतरावं लागत नाही."

"मग आता?"

"आता मी सचिव नाही."

त्यांनी 'नवशिके' समोर खूण केली. त्या तुकडीत सगळी सहा-सात वर्षांची आहेत, म्हणाले, चालेल ना? म्हटलं, ती मला चालवून घेतील का ते त्यांना विचारा. टोपी सक्तीची आहे. रबराची, कान दाबणारी. हा नियमही माझाच, तेव्हा गुपचूप विकत घेतली.

घरी आरशासमोर घालून बघितली. हे दारात उभे होते. टोपीकडे बघून पुष्कळ सुचलं असणार, पण गिळलं. मग म्हणाले, "सोमवारी मी येतो. काठावर बसतो."

म्हटलं, "बसा. पण तिथून सूचना द्यायच्या नाहीत."